उलट्या सीटवरून सातपुडा

माघ महिन्यात आम्ही कोरीटहून निघालो, तळोदा आणि धडगाव करत काठी गावाच्या अलीकडच्या एका पाड्यावर गेलो आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. डोंगरात मी पहिल्यांदाच गेले. गल्लीतल्या बायका विचारतात, काय पाहिलं सांग ना. तोंडाने मला चार वाक्यांच्या पुढे जाता येत नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते.

आधी गाडीचं सांगायला हवं. आमची व्हॅन पंचवीस वर्षांची. तोंड चपटं, दार सरकवायचं, आणि इंजिन पुढच्या दोन सीटांच्या खाली. घेतली तेव्हा पांढरी होती, आता दुधावरच्या सायीच्या रंगाची झाली आहे. आमचे हे तिच्यातून माणसं नंदुरबारच्या बाजाराला न्यायचे. पण ह्यांनी तिला कधी होती तशी राहू दिली नाही. टपावर पत्र्याची टाकी बसवली, बाजूला तोटी लावली, म्हणजे शेतात हात धुता येतात. मागची काच भंगारातल्या एका एसटीची आणून बसवली, ती चांगली रुंद आहे.

आणि मागची सीट उलटी केली. ती माझ्यासाठी. लग्नानंतर मी बसमध्ये बसले की मला उलट्या व्हायच्या, आणि समोरून येणारी माणसं बघितली की मान आपोआप खाली जायची. कुठे नेलं तरी मी आपली पायाच्या अंगठ्याकडे बघत जायची आणि तशीच परत यायची. एक दिवस ह्यांनी पाना घेतला, सीट सोडवली आणि मागच्या काचेकडे तोंड करून बसवली. तेव्हापासून मी रस्ता गेल्यावर बघते. झाडं माझ्या कानामागून निघतात आणि लहान लहान होत जातात. माणसं येणाऱ्या गाडीकडे बघतात, गेलेल्या गाडीत कोण होतं याची त्यांना पर्वा नसते. त्यामुळे मला मनसोक्त बघता येतं. प्रकाशाचा पूल, शहाद्याचा रस्ता, नंदुरबारची वेस, सगळं मी पाठमोरं ओळखते. त्या सीटवर बसलं की मला झोपेत चालल्यासारखं वाटतं, आणि मळमळ कधी होत नाही.

ह्यांच्यासारखे जुन्या व्हॅनच्या नादाचे आणखी काही जण आहेत. दर माघात एक रीत ते पाळतात. ज्या व्हॅनला आता रस्ता झेपत नाही किंवा जिच्या मालकाला गाडी झेपत नाही, ती भंगारात घालायची नाही, तिला दुसरं काम लावून द्यायचं. एक प्रकाशाच्या घाटावर मासे तळते. एक शहाद्याच्या रस्त्याला चहा विकते. एक कांद्याच्या शेतात उभी आहे, तिच्यात राखणदार झोपतो.

यंदा ह्यांच्या डोळ्यांत पडदा वाढला आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता गाडी पुरे, फार तर यंदाचा हिवाळा, तोही उजेडात. तेव्हा हे जेवता जेवता म्हणाले, "यंदा आपली गाडी शे."

मी भाकरी वाढत होते. म्हणजे यंदा पाळी आमच्या गाडीची.

"उभी गाडी सडस," हे म्हणाले. "सडू द्यानी का कोनाले कामले लागू द्यानी?"

एका पाड्यावरच्या वनसिंगदादांना फिरती पिठाची चक्की करायची होती. ह्यांनी शब्द दिला होता. चक्की बसणार होती नेमकी मागे, माझ्या सीटच्या जागी. गाडी गेली म्हणजे माझं जाणंच गेलं, हे मला तेव्हाच कळलं. पण शब्द दिल्यावर बाईने काय बोलायचं. मी दुसरंच केलं. जुन्या साड्या काढल्या आणि पुढच्या दोन्ही सीटांना मिळून एक गोधडी शिवायला घेतली. दोन महिने शिवली. मध्ये मोर, कडेला केळीची पानं, डोळ्यांच्या जागी आरशाचे तुकडे. मनात होतं की गाडी अशी सजलेली बघून मंडळींचाच जीव होणार नाही, तेच ह्यांना म्हणतील की राहू द्या, आबा. आणि कोणी सहज काढून ठेवू नये म्हणून ती मी दाभणाने, सुतळीने, खालून सीटच्या लोखंडी चौकटीला आणि पायातल्या चटईला चारी बाजूंनी घट्ट शिवून टाकली. एक फट ठेवली नाही. इंजिनची गरम वाफ ह्यांच्या मांड्यांना लागायची, तीही बंद होईल म्हटलं.

कोरीट ते तळोदा

सकाळी तीन व्हॅन निघाल्या. सगळ्यांत पुढे शहाद्याचे शेठ. त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि त्यांची व्हॅन म्हणजे आतून लग्नाचा मांडवच. लाल मखमल, छताला झुंबर, खिडक्यांना झालर. आत जाताना चपला काढाव्या लागतात. मध्ये आमची. मागे रफिक मिस्तरी, नंदुरबारला गाड्यांचं पत्र्याचं काम करतात. त्यांच्या व्हॅनला दोन तोंडं आहेत. दुसऱ्या एका मेलेल्या व्हॅनचं तोंड, दिव्यांसकट, त्यांनी मागच्या बाजूला जोडलं आहे. तिच्यातच चक्कीचे दगड आणि पट्टा ठेवला होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीच्या पथाऱ्या होत्या. लाल, लांबच लांब, जशी जमीनच वाळत घातली आहे. मी उलटी बसलेली, त्यामुळे तो लाल रंग माझ्यापासून दूर सरकत शेवटी नुसती एक रेघ राहिला. आम्ही सगळे शिंकत होतो. पुढून शेठच्या गाडीतूनही शिंका ऐकू येत होत्या.

तापीच्या पुलावर थोडं धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं. पुलाचे कठडे धुक्यातून निघायचे आणि धुक्यातच जायचे, आणि मागून रफिकभाईंची व्हॅन दिवे लावून येत होती, कुठे न टेकता आल्यासारखी.

तळोद्याच्या पुढे एक भरलेली जीप मागून आली. रफिकभाईंच्या गाडीचं मागचं तोंड बघून जीपवाल्याला वाटलं गाडी आपल्या अंगावरच येते आहे. त्याने जीप रस्त्याच्या खाली घेतली आणि वाट देऊन उभा राहिला. रफिकभाईंनी नंतर सांगितलं, "बिचारा अजून उभाच असेल, भाभी. गाडी जवळ येत नाही आणि जाते तर आहे."

घाट

चांदसैलीचा घाट लागला आणि मी बोलणं, ऐकणं सगळंच विसरले. पुढे बघणाऱ्याला घाट म्हणजे वळणं दिसत असतील. मला खालचं सपाट उलगडत गेलेलं दिसलं. एकेका वळणाला आम्ही वर आणि आमचा मुलूख खाली. उसाचे तुकडे, केळीचे तुकडे, आणि त्यांच्यापलीकडे तापीची वाट, तीही आता धुक्याची नव्हती, चांदीच्या तोड्यासारखी चमकत होती. आपण इतकी वर्षं त्या एवढ्याशा जागेत भांडी घासली, असं मनात आलं, आणि वाईट नाही वाटलं. सागाची वाळकी पानं गाडीमागे थोडी उडायची, मग कंटाळून बसायची.

मग पानांच्या जागी वाफ दिसली. ती आमच्याच गाडीतून येत होती.

हे थांबले. शेठ आणि रफिकभाई आले. इंजिनचं पाणी उकळलं होतं, आणि पाण्याचं झाकण सीटखाली. रफिकभाईंनी सीट वर ओढली. हलेना. दोघांनी ओढली. गोधडीवरचा मोर ताणला गेला.

"बिजागरी गंजली, आबा," रफिकभाई म्हणाले. "पहार लावतो. चौकट वाकेल, पण इंजिन बसण्यापेक्षा बरं."

ते पहार आणायला वळले. मी दाराशी उभी होते. तीन पुरुष, वर आणखी एक जीप येऊन थांबली होती, तिच्यातली दहा-बारा माणसं उतरून बघायला लागली होती. पण पहार लागली तर गाडीचंच मोडेल, आणि गाडीसाठीच तर मी हे केलं होतं.

"गंजेल नही," मी म्हटलं. "मी खालथून शिवी टाकेल शे."

कोणाला कळलं नाही. हे म्हणाले, "काय शिवी टाकं?"

"सीट. चटईले. सुतळीनी."

"काबरं?"

मी जमिनीकडे बघून म्हटलं, "गाडी दी टाकानं मन नव्हतं. सुंदर दिसनी तर तुम्ही ठेवी लेशात, असं वाटनं."

जीपमधला एक जण हसला. शेठनी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प झाला.

मी रफिकभाईंकडून पातं मागून घेतलं आणि आडवी होऊन एकेक टाका कापला. लोखंड तापलं होतं. चटईच्या बाजूचे टाके निघाले, पण वरचे इंजिनवरच्या पत्र्याला चिकटून बसले होते, म्हणून शेवटी गोधडीच मधोमध फाडावी लागली. मोराच्या मानेतून. सीट उघडली तेव्हा भट्टीचं दार उघडल्यासारखा झोत आला. एक फट नसल्याने सगळी आग आतच कोंडली होती.

गाडी थंड होईपर्यंत दीड तास बसावं लागलं. शेठ जैन, सूर्य मावळल्यावर ते खात नाहीत. पाड्यावर पोहोचायला उशीर झाला तर उपास नको म्हणून त्यांनी दुपारीच झुंबराखाली बसून थेपले खाऊन घेतले, आम्हालाही दिले. आम्ही आमची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला. शेठ गोधडीचा फाटका अर्धा भाग हातात घेऊन उलटा-सुलटा बघत होते. "भाभीजी," ते म्हणाले, "तीस वर्षं कापड विकतोय. असा टाका माझ्या दुकानात नाही."

हे माझ्याजवळ येऊन दगडावर बसले. म्हणाले, "मंग आधी काबरं नही सांगं?"

"तुम्ही इचारं नही."

हे खालच्या मुलखाकडे बघत राहिले. त्यांना तिथलं कितपत दिसत होतं कोण जाणे. मग म्हणाले, "आते इचारस. उद्या तू सांगशी ते करसूत. नही म्हननी तर गाडी परत. वनसिंगले मी सांगसू."

पाडा

धडगाव मागे टाकून पाड्यावर आलो तेव्हा उन्हं कलली होती. होळीला लोक इकडे गर्दीने येतात, तेव्हा काठीचं सगळं रान जागं असतं. माघात शांत होतं. आमच्या गावात घराला घर लागून, भिंतीपलीकडची शिंक ऐकू येते. इथे एका टेकडीवर एक घर, मध्ये दरी, मग पलीकडच्या टेकडीवर दुसरं. कुडाच्या भिंतींतून चुलीचा उजेड गाळून बाहेर येतो.

वनसिंगदादांची बायको गुलीबाई. माझ्याच वयाच्या असतील. त्यांची बोली मला अर्धी कळली, उरलेली त्यांनी मराठीत आणि हातांनी सांगितली. त्या पुरुषांच्या बरोबरीने ओट्यावर बसल्या, मोठ्याने हसल्या, शेठना म्हणाल्या, "तू गाडीत देव ठेवला का? चप्पल बाहेर कशाला?" शेठ लाजले. तुरीच्या शेंगा उकडून समोर ठेवल्या, मग मक्याची भाकर आणि अंबाडीची भाजी. भाकर जाड आणि गोडसर. मी दोन खाल्ल्या.

मग गुलीबाई अंगणाच्या टोकाला गेल्या आणि दरीपलीकडच्या घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. लांब, वर चढत जाणारी. पलीकडून तशीच हाक आली. काय सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, "पाहुणे आले ते सांगितलं. चालत गेलं तर एक तास. आवाज लगेच जातो." आमच्याकडे बाईचा आवाज शेजारच्या ओट्यावर गेला तरी सासू डोळे वटारायची. इथे आवाज म्हणजे पायवाटच.

वनसिंगदादांना ह्यांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, उद्या दुपारपर्यंत सांगतो. दादांनी नुसती मान हलवली. गुलीबाईंनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, जसं आकाशाकडे बघतात, पाऊस येतो का नाही म्हणून.

सकाळी त्या मक्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघाल्या. खालच्या गावात चक्की आहे. मला म्हणाल्या, येते का. मी गेले.

उतार सगळा धुक्यातून. पुढे गुलीबाईंची पाठ आणि डोक्यावरचं गाठोडं तेवढं दिसत होतं. झाडांवरून दव टपटप पडायचं. वाटेत आणखी तीन बायका येऊन मिळाल्या, त्यांच्या डोक्यावरही गाठोडी. कोणी कोणाला कुठे चाललीस विचारलं नाही. धुकं फुटलं तेव्हा खाली दरीत पाण्याची एक हिरवी पट्टी दिसली, आणि सगळ्या जणी एकदमच थांबून तिच्याकडे बघत राहिल्या. रोजच्या वाटेवरच्या बायका, पण थांबल्या. मला ते फार आवडलं.

चक्कीशी पोहोचायला दीड तास लागला. चक्कीच्या ओट्यावर सात-आठ बायका बसलेल्या. लाइट नव्हती. कालपासून नव्हती. दुपारपर्यंत येईल असं चक्कीवाल्याने सांगितलं, पण कालही तसंच सांगितलं होतं. एक म्हातारी गाठोड्यावर डोकं ठेवून झोपली होती, तिचा दुसरा दिवस होता. गुलीबाई थोडा वेळ बसल्या, मग गाठोडं परत उचललं. "चल," म्हणाल्या. "आज कण्या शिजवू."

परत तोच चढ. दळलेलं पीठ डोक्यावर असलं तर माणूस चढतो. तेच दाणे परत चढवायचे म्हणजे पाय जड होतात, हे मला त्यांच्या पाठीकडे बघून कळत होतं. मी म्हटलं, थोडं माझ्याकडे द्या. त्यांनी दिलं नाही.

अर्ध्या वाटेवर वळण होतं. तिथून दरीपलीकडे पाडा दिसला, आणि अंगणात आमची व्हॅन, साबणाच्या वडीएवढी. शेजारी तीन माणसं बसलेली. हे कोणते ते बसण्यावरून ओळखलं. रफिकभाई सारखे उठून सूर्याकडे बघत होते. चक्की बसवायला चार-पाच तास लागतात असं ते काल म्हणाले होते, आणि हे आता उजेडातच बघू शकतात.

गुलीबाई थांबल्या. गाठोडं उतरवून म्हणाल्या, "तुझं काय ते इथून सांग. जाईपर्यंत दिवस जाईल."

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

"हो सांगायचं का नाही?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या सरळ पलीकडे बघत होत्या. नाही म्हटलं असतं तरी त्यांनी मला तिथेच हाक मारू दिली असती, असं मला अजून वाटतं.

पहिली हाक माझ्या गळ्यातच राहिली. दुसरी बाहेर आली पण दरीत पडली. गुलीबाई म्हणाल्या, "पोटातून. आणि शेवटी वर सोड." तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले.

"चक्की बसाडी द्या."

आवाज गेला. मला तो जाताना ऐकू आला. समोरच्या डोंगराला लागला, परत आला, आणि मला माझाच आवाज कोणा मोठ्या बाईचा वाटला. अंगणातले तिघे उठून उभे राहिले. हे हात कपाळावर धरून आमच्या दिशेने बघत होते. त्यांना मी दिसले नसणार. बऱ्याच वेळाने पलीकडून ह्यांची हाक आली, "आयकं." मग रफिकभाई धावत पान्यांच्या पेटीकडे गेलेले दिसले.

आम्ही पोहोचलो तेव्हा माझी सीट काढून अंगणात ठेवली होती. तिच्यावर एक कोंबडी बसली होती. गाडीत तिच्या जागी दगड बसले. मागचं एक चाक जॅकवर उचलून काढायचं, तिथे पुली लावायची, पुलीवरून पट्टा चक्कीला. गाडी उभी राहते आणि चाकाऐवजी दगड फिरतो. पाड्यापाड्यावर न्यायची आणि लाइटची वाट बघायची नाही. उन्हं उतरायच्या आत इंजिन सुरू झालं. मी तिचा आवाज पंचवीस वर्षं आतून ऐकला होता, बाहेर उभं राहून कधी ऐकला नव्हता. पत्रा थरथरत होता. सरकत्या दारातून पांढरी धूळ बाहेर येऊन उन्हात तरंगत होती.

गुलीबाईंनी पहिला घास टाकला. खालून पीठ आलं, गरम. बायकांची रांग लागली, पलीकडच्या टेकड्यांवरूनही आल्या. रांगेतल्या एकीने मला विचारलं, "तुझं दळण कुठे?" माझ्याकडे काही नव्हतं. गुलीबाईंनी आपल्यातले दोन शेर मक्याचे दाणे माझ्या पदरात ओतले आणि मला रांगेत उभं केलं.

कोरीट

परत येताना शेठनी आम्हाला मखमलीवर बसवून आणलं. वाटेत विशेष काही नाही. मी झोपले होते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्या पिठाची भाकरी केली. थापताना कडा फुटत होत्या. ह्यांनी पहिला तुकडा तोंडात घातला, थांबले, मग परातीतलं पीठ चिमटीत घेऊन चोळत राहिले.

"कुठे बारीक शे, कुठे जाडं शे," हे म्हणाले. "चक्की सारखी फिरी नही ऱ्हायनी. एक प्लग बराबर मारी नही ऱ्हायना."

मी म्हटलं, "मंग जानं पडी."

"कशावर जाशी? गाडी तर तठेच शे."

"जीपवर. धडगावपर्यंत जीप जातीस."

"भरेल जीपमा? समोर तोंड करीसन?"

"बससू," मी म्हटलं, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.